येणे-जाणे

पोळा जवळ आला की आमची आई एक प्रश्न हमखास विचारी.

"यंदा मुराळी कोण जाते?"

मुराळी म्हणजे सासरच्या लेकीला माहेरी आणायला जाणारा माणूस. बहुधा तो तिचा भाऊ असे. भाऊ नसला तर बाप जाई, नाहीतर काका जाई. सणाच्या आधी तो दमणी जुंपून निघे. बरोबर शिदोरी घेई. लेकीच्या सासरी एक रात्र मुक्काम करी. दुसऱ्या दिवशी लेकीला आणि नातवंडांना घेऊन परत येई. सण झाला की तिला पोचवून देई.

पुष्कळांना वाटते, ही नुसती लाडाची चाल होती. मंडळी, तसे नाही. या चालीत मोठे शहाणपण होते. ते कोणते, हे आज आपण पाहू. त्यासाठी मी माझ्या घरच्या दोन गोष्टी सांगतो. एक माझ्या आजोबांची, दुसरी माझी स्वतःची. पहिल्या गोष्टीत आजोबा शहाणे ठरले. दुसऱ्या गोष्टीत मी चुकलो.

१. नदीपलीकडची लेक

आमचे गाव उमरखेड भागातले. पैनगंगा नदी गावापासून जवळ आहे. आज नदीच्या अलीकडे यवतमाळ जिल्हा आहे आणि पलीकडे नांदेड जिल्हा आहे. दोन्ही जिल्हे एकाच महाराष्ट्रात आहेत.

पण १९४८ सालापर्यंत असे नव्हते. अलीकडे आपले वऱ्हाड होते. पलीकडे हैदराबादच्या निजामाचे राज्य होते. दोन्ही काठांवर मराठीच बोलत. माहूरच्या रेणुकादेवीला दोन्हीकडचे लोक जात. पण राज्ये दोन होती आणि नाणीही दोन होती. आपला तो कळदार रुपया. निजामाचा तो हाली रुपया. सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा कळदार रुपये. माल न्यायचा झाला तर नाक्यावर करोडगिरी द्यावी लागे. करोडगिरी म्हणजे सरहद्दीवरची जकात.

माझी आत्या या नदीच्या पलीकडे, हदगाव भागात दिली होती. आजोबा वर्षातून तीन वेळा तिच्याकडे जात. आखाजीला, पोळ्याला आणि भाऊबीजेला. आखाजीला नदीला पाणी कमी असे. दमणी पात्रातूनच पार जाई. पोळ्याला मात्र पैनगंगा भरलेली असे. मग दमणी अलीकडच्या काठावर ठेवायची आणि डोंग्यात बसून पलीकडे जायचे. पाऊस असो, चिखल असो, आजोबांनी हा नेम कधी मोडला नाही.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. पण निजाम आपले राज्य भारतात सामील करायला तयार नव्हता. त्याच्या राज्यात रझाकार नावाच्या संघटनेने दहशत बसवली. गावे लुटली. माणसे मारली. मराठवाड्यातली पुष्कळ कुटुंबे सरहद्द ओलांडून अलीकडे आश्रयाला आली.

१९४८ सालची आखाजी आली. गावातले लोक आजोबांना म्हणाले, "यंदा नको जाऊ बापा. तिकडचं काही खरं नाही."

आजोबा म्हणाले, "आखाजीले मी येतो हे माह्या पोरीले ठाऊक हाय. ते दारात उभी राहीन."

आणि ते निघाले.

नाक्यावरच्या शिपायाने त्यांना ओळखले. हा म्हातारा दरवर्षी याच दिवसांत येतो, हे त्याला माहीत होते. त्याने दमणी सोडली. आत्या खरेच दारात उभी होती.

आजोबांनी घरात पाऊल ठेवले आणि त्यांच्या ध्यानात आले. दाण्याची कणगी रिकामी होती. दाणे जमिनीत पुरून ठेवले होते. दिवस मावळायच्या आतच कवाडे लावली गेली. घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हते. रात्री खाटेवर पडल्यावर आत्याचा सासरा हळूच म्हणाला, "इवाई, सुनेले अन् लेकरांले घेऊन जा. आम्ही घरदार सोडून कसे येऊ?"

सकाळी दमणी परत निघाली. वाटेत दोघांनी विचारले, "कोठे चालले?" उत्तर तयार होते. लेक आखाजीला माहेरी चालली. विचारणाऱ्यांनी मान हलवली. ती दरवर्षीच जात होती, त्यात नवल ते काय? आजोबा एरवी कधी जात नसते आणि त्याच दिवशी एकदम गेले असते, तर दहा जणांनी माना वर केल्या असत्या.

आत्या आणि तिची दोन लेकरे नदीच्या अलीकडे सुखरूप आली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारताची फौज निजामाच्या राज्यात शिरली. १७ सप्टेंबरला निजामाने हार मानली. भाऊबीज झाल्यावर आजोबांनी आत्याला सासरी पोचवले. तिची गुरे लुटली गेली होती. पण घर उभे होते आणि माणसे जिवंत होती.

पुढे आत्या म्हातारी झाली. तरी ही गोष्ट सांगताना ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणे. "बाबा येईन, हे मले ठाऊक होतं. म्हणून मी घाबरली नाही."

२. दावणीला बैल नव्हता

आता माझी गोष्ट ऐका.

माझी धाकटी बहीण कारंजा तालुक्यात दिली आहे. तो आता वाशिम जिल्ह्यात येतो. आमच्या गावाहून तिचे गाव दूर पडते. आधी पुसद, मग दिग्रस, मग दारव्हा. दारव्ह्याहून पुढे शकुंतला आगगाडी मिळे. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही ११३ किलोमीटरची छोट्या रुळांची गाडी. ती हळू चाले, पण गरिबाला परवडे. मी दर पोळ्याला आणि भाऊबीजेला असा जात होतो. जायला पुरा दिवस मोडे.

पुढे शकुंतला बंद पडली. त्याच सुमारास घरोघर मोबाईल आले. मी मनाशी म्हटले, आता फोनवर बोलता येते. चेहरासुद्धा दिसतो. मग एवढे हाल कशाला काढायचे? एक पोळा गेला. एक भाऊबीज गेली. पाहता पाहता तीन वर्षे झाली. खरे सांगायचे तर गाडी बंद पडली हे निमित्त होते. एस.टी. चालूच होती. आळस माझा होता.

दर रविवारी मी फोन करी.

"कशी आहेस बाई?"

"बरी आहे दादा."

"जावईबापू?"

"बरे आहेत."

"पीकपाणी?"

"बरं आहे."

मी फोन ठेवी. माझे समाधान होई.

एका श्रावणात आईने मला विचारले, "पोळा आला. मुराळी कोण जाते?"

मी म्हणालो, "आई, कालच फोनवर बोललो. तिचं तोंडसुद्धा पाहिलं."

आई म्हणाली, "तोंड दिसते, बापू. तिचा गोठा दिसते काय?"

मला उत्तर आले नाही. दुसऱ्या दिवशी मी एस.टी.त बसलो.

मी पोचलो तो खांदेमळणीचा दिवस होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांच्या खांद्यांना तूप आणि हळद चोळतो. शेजारच्या गोठ्यांतून घागरमाळांचा आवाज येत होता. माझ्या बहिणीचा गोठा मात्र मुका होता. दावणीला एकही बैल नव्हता. खुंट्या तेवढ्या होत्या.

मग मी बहिणीकडे पाहिले. तिच्या गळ्यात सोन्याचे डोरले नव्हते. नुसती काळी पोत होती. ती म्हणाली, "दादा, बस. चहा ठेवते." आणि आत जाऊन तिने डोळे पुसले.

जावई ओट्यावर बसले होते. ते मला "या गुरुजी" म्हणाले आणि गप्प झाले. त्यांचे अंग वाळले होते. जेवणात लक्ष नव्हते. बहिणीने मागाहून सांगितले, की ते रात्री झोपत नाहीत. उठून एकटेच शेताकडे जातात.

मी तिला म्हणालो, "एवढं झालं आणि फोनवर एक शब्द बोलली नाहीस?"

ती म्हणाली, "फोन घरात एकच. ते जवळ बसलेले असत. त्यांच्यादेखत कसं सांगू?"

मंडळी, हे वाक्य मी अजून विसरलो नाही.

मी एका रात्रीसाठी गेलो होतो. चार दिवस राहिलो. पहिल्या दिवशी पैशाचा विषयच काढला नाही. जावयांबरोबर शेतात गेलो. त्यांच्याबरोबर जेवलो. दुसऱ्या रात्री ते आपणच बोलू लागले. दोन वर्षे कपाशी हातची गेली होती. बँकेचे कर्ज थकले होते. म्हणून एका खाजगी सावकाराकडून पैसे काढले होते. त्याच्याकडे परवाना नव्हता. व्याजापायी बैल गेले, डोरले गेले. तो आता शेतावर डोळा ठेवून होता.

बोलता बोलता ते म्हणाले, "गुरुजी, सगळं संपवून टाकावं असं मनात येते."

मी त्यांचा हात धरला. म्हणालो, "बापू, बैल पुन्हा घेता येतील. तुम्ही आम्हांला कोठे मिळाल? उद्या आपण दोघे तालुक्याला जाऊ."

त्या रात्री मी त्यांच्या खाटेशेजारी खाट टाकली. घरातली फवारणीची औषधे शेजारच्या घरी नेऊन ठेवायला मी बहिणीला सांगितले. दुसऱ्या दिवशी आम्ही बँकेत गेलो आणि कर्जाचे कागद समजून घेतले. मग सहकार खात्याच्या सहायक निबंधकांच्या कचेरीत जाऊन अर्ज दिला. परवाना नसताना सावकारी करणे हा गुन्हा आहे. त्यासाठी महाराष्ट्रात २०१४ सालचा कायदा आहे. आधी जावयांना हे माहीत नव्हते. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही आम्ही भेटलो. झोप न लागणे, जेवण न जाणे, मन खचणे हा आजार आहे आणि त्यावर औषध आहे, हे डॉक्टरांनी त्यांना नीट समजावले.

कर्ज एका दिवसात फिटले नाही. अजून थोडे बाकी आहे. पण जावई आहेत. गेल्या पोळ्याला दावणीला एक गोऱ्हा होता. शेजाऱ्याच्या बैलाशी जोडी लावून त्यांनी तो मिरवला.

मी आणखी एक वर्ष गेलो नसतो तर? हा विचार आला की आजही माझ्या अंगावर काटा येतो.

३. यातून काय शिकायचे?

आपल्या जिल्ह्याचे दुःख सर्वांना ठाऊक आहे. २००६ साली केंद्र सरकारने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी खास मदत जाहीर केली. त्यांत यवतमाळ होते. सरकारची मदत हवीच. पण कोणत्या घरात जेवण उतरत नाही, हे सरकारला आधी कळत नाही. ते घरी येणाऱ्याला कळते.

म्हणून जुन्या लोकांनी मुराळी ठेवला. आता बाई एकटी एस.टी.त बसून माहेरी येते. ही चांगलीच गोष्ट आहे. पण मुराळी काही फक्त वाट दाखवायला जात नसे. तो लेकीचे घर पाहून येई. तिची कणगी पाही, दावण पाही, गळा पाही. तिला न बोलता सगळे सांगता येई.

हे फक्त सासरच्या लेकीपुरते नाही. मुलगा पुण्याला कामाला आहे. भाऊ-भावजय ऊसतोडीला गेली आहेत. म्हातारी आई गावात एकटी आहे. दूर असलेल्या प्रत्येक माणसाकडे कोणीतरी जायला हवे.

जाताना या पाच गोष्टी ध्यानात ठेवा.

एक. दिवस ठरवा आणि तो मोडू नका. वर्षातून दोनदा जमले तर दोनदा जा, एकदा जमले तर एकदा जा. पण समोरच्याला तो दिवस माहीत असू द्या. अडचणीतला माणूस त्या दिवसाकडे डोळे लावून बसतो. आपल्या कामाचे दिवस पाहून ठरवा. पेरणीत आणि वेचणीत जाणे होत नाही. पोळा, भाऊबीज, तूर निघाल्यावरचे दिवस आणि आखाजी हे सोयीचे.

दोन. एक रात्र तरी राहा. दिवसा माणूस पाहुणचार करतो. मनातले रात्री बोलतो.

तीन. रिकाम्या हाताने गेलात तरी चालेल. लुगडे घ्यायला पैसे नाहीत म्हणून पुष्कळ भाऊ बहिणीकडे जात नाहीत. ही मोठी चूक आहे. बहीण लुगड्याची वाट पाहत नाही. घरचा पसाभर हरभरा न्या.

चार. एकट्याने बोलायची संधी द्या. बहिणीबरोबर विहिरीवर जा, शेतात जा. चारचौघांत "बरी आहेस ना?" असे विचारले तर ती "हो" च म्हणेल.

पाच. दोष काढायला जाऊ नका. सासरच्या माणसांचा मान ठेवा. आधी ऐका, मग बोला.

आणि फोनही करा. फोन वाईट नाही. पण तो येण्या-जाण्याच्या जोडीला असावा.

४. प्रवासाची सोय

आपली एस.टी. १ जून १९४८ रोजी सुरू झाली. पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला गेली. त्या गावाला आता अहिल्यानगर म्हणतात. आज एस.टी.त पुष्कळ सवलती आहेत. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे. ६५ वर्षांवरच्या म्हाताऱ्यांनाही अर्धे तिकीट आहे. ७५ वर्षे पुरी झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून तिकीटच नाही. वयाचा दाखला म्हणून आधार कार्ड जवळ ठेवा.

आता तुम्हांला वाचता येते. गाडीवरची पाटी दुसऱ्याला विचारू नका. आपण वाचा.

घरात कोणी फार खचले असेल आणि तुम्ही लगेच पोचू शकत नसाल, तर १४४१६ हा नंबर लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे. ती दिवसरात्र चालू असते. पैसे लागत नाहीत. मराठीत बोलता येते. पण फोन करून थांबू नका. मिळेल त्या गाडीने निघा.

५. पत्राचा नमुना

तुम्हांला लिहिताही येते. तेव्हा येण्याचा दिवस पत्राने कळवा. पत्र घरात राहते. ते पुन्हा पुन्हा वाचता येते. हा नमुना पाहा.

चि. सौ. ताईस,

अनेक आशीर्वाद.

आम्ही सर्व बरे आहोत. आईची तब्येत ठीक आहे. मी पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारच्या गाडीने येतो. दोन रात्री राहीन. वेगळे काही करू नकोस. भाजी-भाकर चालेल. जावईबापूंना नमस्कार. लेकरांना आशीर्वाद.

तुझा दादा

सांगा पाहू

१. मुराळी म्हणजे कोण?
२. १९४८ साली आत्याला घेऊन जाताना आजोबांना कोणी का अडवले नाही?
३. फोनवर न कळलेल्या कोणत्या गोष्टी गुरुजींना गोठ्यात आणि घरात दिसल्या?
४. बहिणीने फोनवर खरे का सांगितले नाही?

हे करा

तुमचे जवळचे कोणते माणूस दूर आहे? त्याचे नाव वहीत लिहा. त्याच्याकडे शेवटचे केव्हा गेलात, ते त्यापुढे लिहा. मग कॅलेंडर काढा. जायचा दिवस ठरवून त्यावर खूण करा. आणि आजच त्या माणसाला पत्र लिहा.